दर पावसाळ्यात वृंदावनातली तुळस का जाते, आणि काय करावं

श्रावण लागला की मला फोन यायला लागतात. कुणाची वहिनी, कुणाची मावशी, वरच्या वाड्यावरची एखादी नवी सून. प्रश्न सगळ्यांचा एकच असतो: "तुळस परत गेली. गेल्या वर्षीही अशीच गेली होती. आता काय करू?" काही जणी हे अगदी दबक्या आवाजात विचारतात, कारण दारची तुळस सुकली की घरावर काहीतरी येणार, असं त्यांनी लहानपणापासून ऐकलेलं असतं. त्यांना मी आधी धीर देते, की तुमच्या हातून कसलाही दोष घडलेला नाही आणि घरावर काही येणार नाही. बिघाड असतो तो वृंदावनाच्या पोटात, आणि तो एका दुपारच्या कामाने दुरुस्त होतो.

मी फोंडा तालुक्यात राहते. आमच्याकडेही लागोपाठ तीन पावसाळ्यांत तीन तुळशी गेल्या, म्हणून हे सगळं मला शिकावं लागलं.

आधी मेलेल्या झाडाची मुळं बघा

तुळस गेली की आपण काय करतो? हात जोडतो, झाड उपटतो, नदीत किंवा माडाच्या आळ्यात सोडतो आणि बाजारातून नवीन रोप आणून त्याच मातीत लावतो. म्हणजे ज्या कारणाने पहिली गेली, त्याच कारणाच्या हवाली दुसरी करतो. झाड सोडायच्या आधी दोन मिनिटं त्याची मुळं बघायला हवीत.

एक बारीक मूळ दोन बोटांत धरून हलकेच ओढा. वरची तपकिरी साल मोज्यासारखी सुटून हातात आली आणि मागे नुसता दोरा राहिला, तर मुळं कुजली आहेत. खोडाचा मातीलगतचा भाग काळपट, मऊ झालेला असेल. मातीचा वास घ्या. खाजनात, म्हणजे खाडीकाठच्या खारट पाण्यात, भिजत घातलेल्या नारळाच्या सोडणांना येतो तसा आंबूस वास आला, तर आत पाणी साचून राहिलंय हे नक्की.

मुळांना पाण्याइतकीच हवाही लागते. मातीच्या कणांमधल्या पोकळीत पाणी भरून राहिलं की हवा संपते, मुळं गुदमरतात आणि मऊ पडलेल्या मुळांवर बुरशी चढते. कुजलेलं मूळ पाणी ओढू शकत नाही, म्हणून भरपावसात, ओल्या मातीत उभी असलेली तुळस तहानल्यासारखी मान टाकते. आपल्याला वाटतं हिला पाणी कमी पडतंय, आणि आपण आणखी एक तांब्या ओततो. माझ्या पहिल्या दोन तुळशी मी अशाच घालवल्या. आजही आठवलं की वाईट वाटतं.

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. रानातली, बांधावरची तुळस हा पाऊस सोसते, कारण जांभ्याच्या मातीतून पाणी खाली निघून जातं. वृंदावन म्हणजे मात्र चारी बाजूंनी सिमेंटने लिंपलेला हौद. त्याला खाली वाट नसेल तर पावसाचं पाणी जाणार कुठे?

आमच्या वृंदावनाचं काय झालं

आमचं जुनं वृंदावन चिऱ्यांचं होतं. मागच्या बाजूला, अगदी तळाशी, बोटभर रुंदीचं एक भोक होतं. त्यातून पावसात लाल पाणी झिरपायचं, अंगणात ओघळ यायचा, उन्हाळ्यात मुंग्या ये-जा करायच्या. एका चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, आधी आम्ही वृंदावनाला नव्या टाइल्स लावून घेतल्या. गवंड्याने काम सुरेख केलं, आणि जाता जाता ते भोकही बुजवून टाकलं. त्याला ती चीर वाटली असणार. आम्हाला कुणालाच ते खटकलं नाही. उलट अंगण आता घाण होत नाही म्हणून बरं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात तुळस गेली. मी माती बदलली. त्याच्या पुढच्या वर्षी रोपवाटिका बदलली. तिसऱ्या वर्षी शेणखत वाढवलं. चौथ्या वर्षी ऑक्टोबरमध्ये, पाऊस थांबून पंधरा दिवस झाल्यावर, मी सगळी माती उकरून काढायला बसले तर कोपरभर खोलीवर हाताला गार पाणी लागलं. तिथे एक गांडूळसुद्धा जिवंत नव्हतं. सासूबाई शेजारी उभ्या होत्या. त्यांनी वाकून आत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, ही तर आपण बुडवली."

तुमच्या वृंदावनाला वाट आहे की नाही, हे माती न काढताही कळतं. सलग दोन दिवस उघाडीचे मिळाले की सकाळी एक तांब्या, म्हणजे साधारण लिटरभर पाणी, सावकाश ओता आणि वृंदावनाच्या पायथ्याशी चारी बाजूंनी बघत राहा. अर्ध्या तासात कुठेच ओल दिसली नाही, तर एक बारीक सळी मातीत शक्य तेवढी खोल खुपसा आणि दहा मिनिटांनी बाहेर काढा. टोकाला चिखल चिकटून आला, वास आला, तर तळ बंद आहे असं समजा.

भोक पाडणं

माती काढा. आत किती खोलीपर्यंत पोकळ आहे ते सळीने मोजा, कारण बऱ्याच वृंदावनांत खालचा अर्धा भाग चिऱ्यांच्या तुकड्यांनी आणि सिमेंटने भरलेला असतो. जिथे भरीव भाग संपतो, त्याच्या लगेच वर बाहेरून दोन भोकं पाडून घ्यायची. इलेक्ट्रिशियनकडे हॅमर ड्रिल असतं, १२ मिलिमीटरची बिट पुरते. भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरतं असू द्या. टाइल असेल तर आधी तिच्यावर चिकटपट्टी लावून साध्या ड्रिलने हळू सुरुवात करा, नाहीतर टाइल तडकते. देवाच्या नावाची किंवा चित्राची टाइल सोडून मागच्या बाजूला भोक घ्या. घरातल्या मोठ्या माणसांना आधी विचारून, शक्यतो त्यांच्यासमोर हे काम करा. वृंदावनाला ड्रिल लावताना पाहून कुणालाही चर्र होतं, आणि ते साहजिक आहे.

भोकावर आतून कौलाचा एक तुकडा तिरका ठेवा, म्हणजे माती वाहून जाणार नाही. एकच तुकडा. तळाशी चार बोटं खडी आणि विटांचे तुकडे घातले की निचरा होतो, असं सगळीकडे सांगतात, मीही पूर्वी तेच करायचे. प्रत्यक्षात बारीक मातीतून जाड खडीत पाणी सहज उतरत नाही. वरची माती पूर्ण भिजून चिंब झाल्यावरच ते खाली सुटतं, म्हणजे ओलीचा पट्टा मुळांच्या आणखी जवळ सरकतो. त्यापेक्षा वरपासून खालपर्यंत एकसारखी भुसभुशीत माती बरी. मी दोन घमेली लाल माती, एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक घमेलं जाडसर रेती किंवा चिऱ्यांचा चुरा असं मिसळते. पावसाळ्यासाठी कोकोपीट नको, ते पाणी धरून ठेवतं.

भोक पाडणं शक्यच नसेल, म्हणजे वृंदावन फार जुनं असेल, नक्षीचं असेल किंवा घरचे तयार नसतील, तर तुळस दहा-बारा इंची मातीच्या कुंडीत लावा आणि ती कुंडी वृंदावनाच्या तोंडात बसवा. कुंडीखाली दोन चिऱ्यांचे तुकडे ठेवून ती उचललेली राहू द्या. आमच्या मागच्या आळीत एका काकींनी याला आधी साफ नकार दिला होता: "कुंडीतच लावायची तर वृंदावन कशाला बांधलं?" मग त्यांच्या मुलाने कुंडीचा काठ आत दडेल अशी बसवून दिली, वर माती पसरली. आता त्या जोराच्या पावसात कुंडी उचलून पडवीत आणतात आणि पाऊस ओसरला की परत नेतात. वृंदावन रिकामं दिसू नये म्हणून तेवढे दिवस तिथे रानतुळशीचं रोप असतं.

रोजच्या पाण्याचं काय, हा प्रश्न राहतोच. पावसाळ्यात आम्ही तांब्या वृंदावनाच्या पायथ्याशी वाहतो, मुळाशी फक्त फुलपात्रातलं आचमनाएवढं पाणी. हे सासूबाईंनीच ठरवलं. दूध, पंचामृत, तेल मुळाशी जाणार नाही एवढीही काळजी घ्या. तेलाने माती पाणी धरेनाशी होते आणि दुधाने मुंग्या व पिठ्या ढेकूण येतात.

प्लास्टिकचा कागद झाडावर बांधू नका. आतली हवा कोंडून पानं सडतात. आच्छादन हवंच असेल तर वर चार हातांवर पत्रा किंवा चुडतांचं झाप, चारी बाजू मोकळ्या.

पावसात न जाता इतर वेळी जात असेल तर

तुळशीच्या लग्नानंतर दोन आठवड्यांत तुळस सुकली, अशी तक्रार मी दर वर्षी ऐकते, आणि तिचं कारण फार थोड्या जणांच्या लक्षात येतं. व्हडल्या दिवाळीला, म्हणजे तुळशीच्या लग्नाला, आपण वृंदावनात ऊस, आवळ्याची आणि चिंचेची डहाळी रोवतो. ऊस उभा राहावा म्हणून तो वीतभर खोल दाबतो, आणि नेमकी तिथेच तुळशीची मुळं पसरलेली असतात. दोन-तीन ऊस चहूबाजूंनी खुपसले की अर्धी मुळं तुटतात. त्यावर मांडवाच्या विजेच्या माळा, काठावर लावलेल्या पणत्यांची झळ. आम्ही आता रोप लावतानाच कडेला पीव्हीसी पाइपाचे वीतभर लांबीचे दोन तुकडे मातीत गाडून ठेवतो. वर्षभर त्यांची तोंडं मातीखाली झाकलेली असतात, लग्नाच्या दिवशी उघडायची आणि ऊस त्यात उभे करायचे.

पानं आक्रसून, चुरगळल्यासारखी होऊन वाळत असतील तर पान उलटं करून उन्हात धरा. खालच्या बाजूला काळे चकचकीत ठिपके आणि जाळीदार पंखांचे, तिळाच्या दाण्याएवढे किडे दिसले, तर तो तुळशीवरचा जाळीपंखी ढेकूण. तो रस शोषतो आणि काळे ठिपके ही त्याची विष्ठा असते. लागलेले शेंडे कापून जाळा, पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानांच्या खालची बाजू धुवा, मग संध्याकाळी लिटरभर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि साबणाचे चार थेंब मिसळून फवारा. आठवड्याने पुन्हा. ही पानं नैवेद्याला आणि तोंडात जाणारी आहेत, म्हणून रासायनिक कीटकनाशक तुळशीवर नकोच. नीमतेल मारल्यावरही आठवडाभर पानं खुडू नका.

वृंदावन नवं बांधलंय आणि कोवळी पानं पिवळी पण शिरा हिरव्या दिसतात? नव्या सिमेंटमधून चुना सुटतो, मातीचा आंबटपणा कमी होतो आणि झाडाला लोह घेता येत नाही. आपल्याकडची जांभ्याची माती मुळात आंबट, तिच्यात ही लक्षणं सहसा येत नाहीत. नवं वृंदावन आधी दोन-तीन आठवडे रोज पाण्याने भरून रिकामं करा, मगच माती घाला. जुनी, खालची पानं पिवळी पडत असतील तर ती वेगळी गोष्ट: पावसाने नत्र वाहून गेलंय, मूठभर शेणखत द्या.

मुळांवर मण्यांसारख्या गाठी दिसल्या तर सूत्रकृमी, म्हणजे मातीतले डोळ्यांना न दिसणारे बारीक जंत. ती सगळी माती बाहेर काढा, परसात पसरू नका, आणि नव्या मातीत एक हंगाम झेंडू लावा. गाठी ओळखता येत नसतील तर मुळं प्लास्टिकच्या पिशवीत घालून तालुक्याच्या कृषी कार्यालयात किंवा जुने गोव्याच्या कृषी विज्ञान केंद्रात दाखवायला न्या.

कोणती तुळस लावावी

बाजारात सगळ्याच "तुळस" म्हणून विकतात, पण स्वभाव वेगवेगळे. कृष्ण तुळशीचं खोड आणि पानं जांभळट, वास लवंगेसारखा तिखट. तो वास युजेनॉलचा, लवंगेतही तोच असतो. उन्हात ती गडद होते आणि सावलीत हिरवी पडते, म्हणून "मला हिरवी दिली, फसवलं" असं म्हणण्याआधी तिला पाच-सहा तास ऊन मिळतंय का ते बघा. हिरवी तुळस त्याच जातीची बहीण, वास थोडा मवाळ. रानतुळस ही मात्र वेगळी जात, माणसाच्या छातीपर्यंत वाढते, पानं मोठी आणि खरखरीत, आणि माझ्या अनुभवात पाऊस सगळ्यांत चांगला तीच सोसते. सब्जा हाही वेगळा. औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप संस्थेने युजेनॉल भरपूर असलेली सिम-आयु आणि जांभळ्या पानांची सिम-अंगना अशा निवडक जाती काढल्या आहेत. शेती म्हणून करायची असेल तर त्या बघा. अंगणात मला आपली गावठी कृष्ण तुळसच आवडते.

तुळस दारात असताना संध्याकाळच्या निवांतपणासाठी दुसरं काही शोधावं असं मला कधी वाटलं नाही. आमच्याकडे दिवेलागणीनंतर पाच-सात पानं, आल्याचा एवढासा तुकडा, दोन कप पाण्याचा एक कप होईस्तोवर उकळतात. पानं मात्र सकाळीच खुडून ठेवलेली असतात, संध्याकाळी आणि द्वादशीला तुळशीला हात लावायचा नाही ही घरची रीत. रक्त पातळ करण्याच्या किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, दिवस गेलेले असतील, तर रोजचा काढा सुरू करण्याआधी डॉक्टरांना विचारा.

मंजिऱ्या आणि कलमं

तुळस काही वडासारखी शंभर वर्षं जगणारी नाही. दोन-तीन वर्षांत तिचं खोड लाकडासारखं होतं, पानं विरळ होतात, आणि तेव्हा ती गेली तर तो तिचा काळ झालेला असतो. हा काळ लांबवता येतो. मंजिरी हिरवी असतानाच, खालच्या दोन पानांसकट खुडत राहा. बी धरलं की झाडाची सगळी ताकद तिकडे जाते. पूजेला मंजिऱ्या लागतातच, तेव्हा हे काम आपोआप होतं. ज्यांच्याकडे रोज पूजा होते त्यांच्या तुळशी डेरेदार असतात, त्याचं हेही एक कारण.

आणि एकाच रोपावर विसंबू नका. मेच्या शेवटच्या आठवड्यात, पहिल्या सरींच्या आधी, मंजिरी नसलेले वीतभर लांबीचे चार-पाच शेंडे कापा, खालची पानं काढा आणि काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवा. पाणी एक दिवसाआड बदला. दहा-पंधरा दिवसांत पांढरी मुळं फुटतात, ती दोन बोटं झाली की छोट्या कुंड्यांत लावून पडवीच्या कडेला, जिथे ऊन येतं पण पागोळ्या पडत नाहीत अशा जागी ठेवा. वृंदावनातली टिकली तर आनंदच. गेलीच, तर तिचंच लेकरू तुमच्या हाताशी असतं, बाजारातून अनोळखी रोप आणावं लागत नाही. बाजारातलं आणावंच लागलं तर त्याच्या मुळांभोवतीची काळी पिशवी पूर्ण फाडून काढा. पिशवीसकट लावलेली रोपं मी स्वतः दोन घरांत उकरून काढली आहेत.

नवं रोप वृंदावनात लावायचं ते चवथ सरल्यावर, सप्टेंबरच्या शेवटी, पाऊस उतरणीला लागला की. मग कार्तिकातल्या द्वादशीपर्यंत त्याला दीड-दोन महिने मिळतात. जूनमध्ये लावलेल्या रोपाला मुळं धरायच्या आधीच आषाढ गाठतो.

आमच्या वृंदावनात आता जी आहे ती पाचव्या वर्षी लावलेल्या तुळशीच्या शेंड्यापासून झालेली. मागच्या दोन भोकांतून पावसात लाल ओघळ अंगणात येतो, आणि सासूबाई दर सकाळी झाडू मारताना आधी तो बघून घेतात.